बंद पुडी

मला किळस सहसा येत नाही. यांच्या डाव्या घोट्याच्या वर एक जखम आहे, चार वर्षांची. शिरांचा आजार. भरते, पुन्हा उघडते. रोज सकाळी मी खिडकीचा पडदा ओढते, स्टुलावर त्यांचा पाय घेते, कोमट पाण्यानं जखम धुते, कडेची मेलेली कातडी चिमट्यानं काढते आणि मलम लावून पट्टी बांधते. वास येतो. पहिला आठवडा मला जेवण गेलं नाही, मग अंगवळणी पडलं. आपल्या माणसाचं शरीर आहे, त्यात काय.

पण मागच्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन दिवस एक चंदेरी लॅपटॉप उघडा होता, त्याची नुसती आठवण झाली तरी घशाशी आंबट येतं. आणि तो उघडला होता मी. घरातली दोघं झोपली आहेत तोवर हे सरळ लिहून काढते. लिहायचं आहे ते माझ्या थोरलीबद्दल, पण माझी करणी वगळून तिचं सांगता येणार नाही.

थोरली एकतीस वर्षांची आहे. धाकटा परगावी असतो, तिचं मात्र सगळं आमच्याजवळच. तिचं काम म्हणजे डॉक्टरांचं बोलणं कागदावर आणणं. डॉक्टर रोगी तपासतात आणि फोनमध्ये बोलून ठेवतात. भरभर, जांभया देत, मध्येच कुणावर तरी खेकसत. ते ऐकून थोरली नीटनेटका अहवाल टाइप करते. कानाला हेडफोन, हात कळांवर आणि पायाखाली पायडल. पायडल दाबलं की आवाज थांबतो, सोडलं की पुढे चालू. ते पायडल माझ्या शिवणयंत्राचं आहे.

"मशीनचा पाय तोडलास?" मी ओरडले होते.

"आई, बाकीचं मशीन कधीच मेलंय. पाय तेवढा जिवंत होता."

तिची एक रीत आहे. घरात कुठलाही लॅपटॉप आला, तिचा असो की कुणी दुरुस्तीला दिलेला, तो सुरू करण्याआधी टॉवेलवर पालथा घालायचा. खालचं झाकण उघडायचं. स्क्रू अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं एकेका खळग्यात. मग वायफायचं कार्ड उपटायचं आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकायचं. परवा शर्टाचं बटण शोधायला डबा ओतला, तर बटणांत अकरा कार्डं निघाली.

"हे असं का करतेस?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या कार्डाला चालायला कंपनीची एक फाइल लागते. आत काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, बदलता येत नाही, विचारलं तर सांगत नाहीत. बंद पुडी. तोंड उघडा आणि गिळा."

"डॉक्टर गोळ्या देतात त्या काय तू तपासून घेतेस?"

"गोळ्यांच्या पाकिटावर आत काय आहे ते छापलेलं असतं, आई."

ती वापरते ते सगळं मोकळं सॉफ्टवेअर. ज्याला वाटेल त्यानं उघडून वाचावं, चूक दिसली तर सुधारावी, शेजाऱ्याला द्यावं. फुकट मिळतं म्हणून वापरते असं मी बरीच वर्षं समजत होते आणि नातेवाइकांना तसं सांगतही होते. काटकसरी मुलगी. तिनं ते ऐकलं की कपाळाला हात लावायची.

तिचा स्वतःचा लॅपटॉप जुना, जाड, काळा. हे त्याला काळी फरशी म्हणतात. मोडीतून आणला होता. त्यातलं कार्ड काढून तिनं बंद पुडीशिवाय चालणारं दुसरं कार्ड बसवलं, आणि बटण दाबलं तर पडद्यावर दोन ओळी: हे कार्ड मान्यताप्राप्त नाही, यंत्र बंद करून ते काढा. बस्स. पुढे जाईचना.

हे आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. ते चष्मा लावून बघायला आले.

"म्हणजे नळ आपण विकत घ्यायचा," ते म्हणाले, "आणि वॉशर त्यांचाच घालायचा. दुसरा घातला तर नळ पाणीच सोडणार नाही?"

"हो, बाबा."

"थू," हे म्हणाले आणि खरंच उठून मोरीत थुंकून आले.

मग तीन रविवार बापलेकीनं त्या फरशीचे तुकडे तुकडे केले. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी जे चालतं, तेही कंपनीनं एका चिपमध्ये कोंडलेलं असतं म्हणे. चिप गोचिडाएवढी. तिला आठ दातांचा चिमटा लावायचा आणि दुसऱ्या यंत्रातून मोकळं सॉफ्टवेअर आत भरायचं. चिमटा केसभर सरकला की सगळं मुसळ केरात. हे शेजारी टॉर्च धरून उभे, पाय दुखत असताना. मी दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा साय धरली. तिसऱ्या रविवारी फरशी सुरू झाली, नव्या कार्डाला काहीही न बोलता. हे म्हणाले, "आलं पाणी!"

मी आनंदले का? नाही. मला भलतीच काळजी. ही मुलगी प्रत्येक गोष्टीचं झाकण उघडून बघणार, आणि जगात कुणाला झाकण उघडलेलं आवडत नाही. ऑफिसात तिला सोवळेबाई म्हणायचे. "सोवळेबाई, आमच्या लॅपटॉपला शिवू नका हं, बाटाल!" ती हसायची. मला ते हसणं परवडणारं वाटायचं नाही. कारण ती तिथे चार वर्षं कंत्राटावर होती. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. माझं एकच मागणं होतं, ती कायम व्हावी. आमचं वय झालं, यांचा पाय हा असा. आपल्यामागे तिच्या हातात एक पक्कं पत्र असावं. यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

या वर्षी यादी निघाली. कायम होणाऱ्यांत तिचं नाव दुसरं होतं, चुका सगळ्यांत कमी म्हणून. आणि त्याच आठवड्यात नवा नियम आला. घरून काम करणाऱ्या प्रत्येकानं ऑफिसचा लॅपटॉप वापरायचा आणि त्यावर 'सोबत' नावाचा प्रोग्राम सतत चालू ठेवायचा. ही सोबत दर दहा मिनिटांनी कॅमेऱ्यातून फोटो काढते, कोणती कळ कधी दाबली ते टिपते आणि सगळं वर पाठवते. नाव बघा. सोबत!

थोरली तिच्या वरिष्ठ मॅडमना भेटली. "माझ्या यंत्रावर काम करून देते. चुका मोजा, वेळ मोजा. हा प्रोग्राम आत काय करतो ते मला बघता येत नाही, मी तो घरात चालवणार नाही. नाहीतर मला ऑफिसात बसवा."

"खुर्च्या काढल्या आता," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझ्या एकटीसाठी नियम बदलू का? घालून टाक ना. सगळ्यांनी घातलंय."

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा मीही अगदी तेच म्हणाले. सगळ्यांनी घातलंय.

त्यानंतर माझ्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि थोरली मावशीजवळ राहायला चार दिवस गेली, काळी फरशी आणि पायडल घेऊन. ती गेली त्या दुपारीच कुरिअरवाला चंदेरी लॅपटॉप देऊन गेला. खालच्या स्क्रूवर एक चिकटपट्टी, तिच्यावर लिहिलेलं: ही पट्टी तुटल्यास जबाबदारी तुमची. संध्याकाळी घरच्या फोनवर मॅडम.

"काकू, तुम्ही समजूतदार आहात म्हणून तुम्हाला सांगते. सोमवारी यादी वर जाते. ज्यांची सोबत चालू नाही त्यांची नावं गळणार. एवढी गुणी मुलगी, हट्टापायी घालवेल हो सगळं. तुम्ही नुसतं चालू तरी करून ठेवा. आली की बघेल ती."

"मला नाही हो जमायचं."

"काही नाही त्यात. विचारेल ते भरा आणि मान्य, मान्य दाबत जा."

मी बसले. तिचं नाव भरलं, तिचा ऑफिसातला नंबर भरला. मग बेचाळीस पानांचा एक मजकूर आला. तो मी बोटानं सरकवत सरकवत तळाशी नेला आणि मान्य दाबलं. पदवीधर बाई, राज्यशास्त्र घेऊन. बेचाळीस पानांतलं एक वाचलं नाही. मग पडद्यावर एक गोल आला. गोलात चेहरा आणा. मी माझा आणला. गोल हिरवा झाला. त्याला चेहरा हवा होता, मिळाला. तिच्या नावापुढे माझा चेहरा लागला.

मी उठले तर टुंग. पडद्यावर लाल अक्षरं: तुम्ही दिसत नाही आहात. पुन्हा बसले, अक्षरं गेली. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं जे शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं नसतं. म्हटलं, हजेरीच हवी आहे ना? मी बसते. शाळेत तापातल्या मैत्रिणीच्या नावाला हजर म्हणायचो, तसं.

तीन दिवस मी त्याच्यासमोर बसले. मटार सोलले, पेपर वाचला, उसवलेल्या बाह्या शिवल्या, दुपारी खुर्चीतच पेंगले. पाणी प्यायला उठले तरी धावत परत. आणि रोज सकाळी यांचा पाय. टेबल खिडकीशी आहे, उजेड तिथेच. पडदा ओढला, कारण समोरच्या इमारतीतल्या गॅलरीतून दिसतं. दिवा लावला. हे टॉवेल गुंडाळून बसले, पाय स्टुलावर.

"हे उघडं कशाला ठेवलंयस?" त्यांनी विचारलं.

"तिच्या कामाचं आहे. राहू दे."

मला माहीत होतं तो फोटो काढतो. पण माझ्या डोळ्यांसमोर माझाच चेहरा होता. माझ्या खांद्यामागे काय दिसतं, हे माझ्या मनाला शिवलंच नाही.

सोमवारी थोरली मावशीकडून थेट ऑफिसात गेली, बैठकीला. घरी आली ती सरळ मोरीत. कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा. मग टॉवेलला हात पुसत तिनं सांगितलं, आवाज न चढवता. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

बैठकीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांच्या हजेऱ्या दाखवल्या. एकेका नावाखाली फोटोंचे चौकोन. तिच्या नावाखाली पहिला चौकोन माझा, तोंड उघडं टाकून झोपलेली. "सोवळेबाई, एकदम वय झालं की हो तुमचं!" सगळे हसले. तीही हसली म्हणे, क्षणभर. मग मॅडमनी चौकोन पुढे सरकवले. पाय धुवायला मला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे रोजचे चार फोटो, तीन दिवसांचे बारा. यांची मांडी, टॉवेल, उघडी जखम, माझ्या हातातला चिमटा. भिंतीएवढं. दिवा लावून मीच उजेड केला होता.

कुणीतरी म्हणालं, "शी! जेवायच्या आधी काय दाखवता?"

मॅडम म्हणाल्या, "पुढे चला, पुढे चला," आणि शोधत राहिल्या पुढचं बटण.

माझ्या हातातून ताटली सुटली नाही की काही नाही. मी फक्त बसले. आत पलंगावर हे जागे होते. सगळं ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं फोटो पुसायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पुसणं आमच्या हातात नाही. ते थेट वर कंपनीकडे जातं. आम्हाला फक्त दिसतं." आणि मॅडमनी मला फोन करून हे चालू करायला लावलं, त्याचं काय, असं थोरलीनं विचारलं. "मी चालू करायला सांगितलं होतं. समोर बसा असं कुठे सांगितलं?" काकू म्हणायची ती बाई मला.

मग मी ती बेचाळीस पानं छापून घेऊन वाचली. पेन्सिल घेऊन, कॉलेजात वाचायची तशी. एकतिसाव्या पानावर होतं: चित्रात येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीनं संमती दिली आहे असं मानलं जाईल. म्हणजे यांनी. जखम उघडी टाकून, टॉवेल गुंडाळून, 'उघडं कशाला ठेवलंयस' असं विचारत यांनी संमती दिली. मला ओकारी आली. शब्दशः. मी उठून मोरीत गेले.

छत्तिसाव्या पानावर दुसरं एक वाक्य होतं. नाव ज्याचं आहे त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणी मान्य दाबलं असेल तर ती मान्यता रद्द, आणि जमा झालेलं सगळं पुसून टाकणं कंपनीवर बंधनकारक. मात्र तसं त्या नावाच्या माणसानं स्वतः लिहून द्यायला हवं.

मी नाचतच थोरलीकडे गेले. तिनं वाचलं आणि पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. मॅडमनी दिलेले. एक कायम नोकरीचं पत्र, पारदर्शक फाइलमध्ये घातलेलं, तिचं नाव ठळक अक्षरांत. दुसऱ्यावर टाइप केलेल्या चार ओळी: प्रोग्राम मीच चालू केला, संमती माझीच, आई चुकून समोर बसली. खाली सहीची जागा. ही सही केली की ते पत्र लागू होणार.

"आणि तू लिहून दिलंस की दाबणारी मी होते?"

"तर ती खोटी हजेरी. काढून टाकतील."

मी काय म्हणाले ते लिहिते. लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "कर सही. हजारो लोकांचे हजारो फोटो असतील तिथे. कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आई, तू सकाळी पडदा कशाला ओढतेस गं?"

समोरच्या गॅलरीत बहुतेक वेळा कुणीही नसतं. मी तरी रोज पडदा ओढते.

आतून यांचा आवाज आला. "मलाही विचारा की कुणीतरी. पाय माझा आहे."

थोरली आत जाऊन त्यांच्या पायथ्याशी बसली. मी दारात.

"काय करू, बाबा?"

"पायाचं मी सांगतो. मला तो तिथे नकोय. नोकरीचं तू बघ. ती तुझी आहे. तू सही केलीस तर मी तोंडातून ब्र काढणार नाही, तुझी आई साक्षीला आहे."

त्यांच्या पट्टीचं टोक सुटलं होतं ते तिनं आत खोचलं. मग बाहेर येऊन काळी फरशी उघडली आणि तीन ओळी लिहिल्या. ती मान्यता माझी नव्हती. माझ्या गैरहजेरीत माझ्या आईनं दिली. जमा केलेलं सगळं पुसावं. मला दाखवलंही नाही, पाठवून दिलं. फाइलमधलं पत्र तिनं फाडलं वगैरे नाही. मॅडमच्या नावाच्या पाकिटात घातलं आणि लॅपटॉपसोबत खोक्यात ठेवलं. खोक्याला चिकटपट्टी मी लावली. हातात फडकं धरून लावली.

दोन दिवसांनी काढल्याचं पत्र आलं. चार वर्षांचं काम सात ओळींत संपवलं होतं, त्यातल्या दोन शिस्तीवर. तिसऱ्या दिवशी कंपनीकडून एक ओळ: संबंधित सामग्री नियमानुसार पुसण्यात आली आहे.

"पुसली?" मी विचारलं.

"असं म्हणतात."

"आपल्याला बघता येतं का?"

"नाही, आई. तेही आतच." तिनं मुठीनं पुडी मिटल्यासारखं केलं.

म्हणजे मुलीची नोकरी देऊन आम्ही काय विकत घेतलं, तेसुद्धा आम्हाला दिसणार नाही. सकाळी दात घासताना हे आठवतं आणि मी पुन्हा चूळ भरते.

आता दोन डॉक्टर तिच्याकडे थेट काम पाठवतात. त्यातले हाडांचे डॉक्टर, सगळ्यांत जास्त जांभया देणारे, त्यांनी स्वतः तिचा नंबर शोधून काढला. "नव्या लोकांनी माझ्या रोग्याचा उजवा गुडघा डावा केला," म्हणाले. दोन डॉक्टर म्हणजे पक्की नोकरी नव्हे. माझी काळजी जिथे होती तिथेच आहे, उलट वाढली आहे. थोरलीला तसं बोलून दाखवत नाही. बोलायचा माझा हक्क मीच मान्य दाबून घालवला.

काल सकाळी पडदा ओढला, दिवा लावला, स्टूल मांडलं. यांचा पाय घेतला आणि बसले ती टेबलाकडे पाठ करून, पाय माझ्या आडोशाला येईल अशी. टेबलावर मिठाची बाटली सोडून काही नव्हतं.

"अगं, दिवा तिकडे आहे," हे म्हणाले. "सगळी सावली पाडलीस. उद्या धडधाकट कातडी सोलशील माझी."

"दिसतंय मला."

"काय कप्पाळ दिसतंय?"

आतल्या खोलीत पायडलचा खटका वाजला आणि कळांचा आवाज थांबला. थोरली कानातलं गळ्यात टाकून बाहेर आली. टेबलाकडे बघितलं, मी कुठे बसले आहे ते बघितलं. खणातून टॉर्च काढून माझ्या खांद्यावरून जखमेवर धरला, आणि पट्टी बांधून होईपर्यंत तशीच उभी राहिली.